न वापरलेल्या विजेचा मालक कोण?

विजेचा वापर कमी करून ती कपात बाजारात विकता यावी का, यावर गेली कित्येक वर्षं अनेक देशांत वाद चालू आहे. माझ्या मते दोन्ही बाजू तो चुकीच्या मुद्द्यावर घालताहेत. एक बाजू म्हणते, वाचवलेला मेगावॉट आणि तयार केलेला मेगावॉट ग्रिडला सारखाच. मग वीजकेंद्राला जो भाव मिळतो तोच वापर थांबवणाऱ्याला द्या, विषय संपला. दुसरी म्हणते, वीज जीवनावश्यक आहे. दिवे मालवायला पैसे देणं म्हणजे गरिबाच्या अंधाराचा लिलाव, तेव्हा हा बाजारच नको. पहिल्या बाजूचा बाजारावर इतका भरवसा आहे की विकायला ठेवलेला माल नक्की काय आहे, हे ती विचारत नाही. दुसरीला बाजाराचा इतका तिटकारा आहे की बाजार नसतो तेव्हा काय घडतं, हे ती पाहत नाही. माझं म्हणणं असं आहे की मागणीचा व्यापार हवा, आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर हवा आणि घराघरापर्यंत हवा. पण त्याला एक अट हवी. जी वीज तुम्ही आधी विकत घेतली आहे, तीच तुम्हाला परत विकता यावी. ‘घेणार होतो, पण घेतली नाही’ हा माल होऊ शकत नाही. सांगायला ही गोष्ट साधी वाटते, पण डिमांड रिस्पॉन्सच्या, म्हणजे गरजेच्या वेळी वापर कमी करण्याबद्दल मोबदला देण्याच्या, नावानं चालणाऱ्या बहुतेक योजना नेमक्या याच्या उलट पायावर उभ्या आहेत.

हा व्यापार का हवा, ते आधी सांगतो. ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी जेवढा वापर तेवढीच निर्मिती व्हावी लागते, कारण मोठ्या प्रमाणावर साठवण अजूनही महाग आहे. तोल गेला की 50 किंवा 60 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ढळते आणि ती फार ढळली की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी तुटत जाते. वर्षाचे 8,760 तास काही सारखे नसतात. बहुतेक तास निवांत जातात. मोजक्या तासांत मात्र शेवटचं, सर्वांत महागडं केंद्रही चालवावं लागतं. त्या मोजक्या तासांसाठी बांधलेली केंद्रं उरलेलं वर्ष जवळजवळ बंद असतात आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या बिलात येतो. हे टाळायचं तर मागणी हलली पाहिजे, आणि ती विनंतीनं हलते, किमतीनं हलते किंवा सक्तीनं. जिथे पहिल्या दोन गोष्टी पुऱ्या पडत नाहीत तिथे तिसरी येतेच. तिला आपण भारनियमन म्हणतो.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेनं गॅसच्या विहिरींपासून वीजकेंद्रांपर्यंत सगळी साखळी गोठली. तेव्हा ग्रिड वाचवण्यासाठी सुमारे 20,000 मेगावॉट मागणी तोडावी लागली. तोडली म्हणजे फीडर, अख्ख्या वस्त्यांना वीज पुरवणाऱ्या तारा, बंद केले. फीडर बंद करणाऱ्याला त्या तारेच्या टोकाला कोण आहे, हे दिसत नाही. ऑक्सिजनच्या यंत्रावर जगणारं माणूस आणि रिकाम्या कार्यालयातलं हीटर एकाच हुकमानं बंद होतात. 45 लाखांच्या आसपास घरं आणि आस्थापनं अंधारात गेली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार त्या वादळात 246 माणसं दगावली. मागणीच्या व्यापारानं ती सगळी तूट भरून निघाली असती, असं मी म्हणणार नाही. एवढी मोठी तूट कुठल्याच बाजारानं भरत नाही. पण कोणाची वीज आधी जावी आणि कोणाची शेवटपर्यंत राहावी, याचा निवाडा आंधळ्या हातानं व्हावा का? ज्याला वीज सोडणं परवडतं त्याला ती सोडण्याचं कारण द्यायचं, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचते. व्यापाराच्या बाजूनं याहून मोठा युक्तिवाद मला माहीत नाही, आणि बाजाराला गरीबविरोधी म्हणणारे नेमका हाच लक्षात घेत नाहीत.

वीज सोडणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका शीतगृहात पाहू. आत उणे 22 अंश आहे, मालाला उणे 18 पर्यंत चालतं. संध्याकाळी मागणी चढली की कॉम्प्रेसर बंद करायचे. जाड भिंती आणि आतला टनावारी गोठलेला माल हीच तिथली बॅटरी. दार बंद राहिलं तर तास-दीड तासात तापमान फारसं चढत नाही. पण दार बंद ठेवायला माणूस लागतो. पाळीवरचा ऑपरेटर बाहेर आलेला ट्रक थांबवतो, दाराच्या रबरी पट्टीवरून हात फिरवून कुठून गार हवा निसटते का ते पाहतो, डीफ्रॉस्टची वेळ पुढे ढकलतो, दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत टिपतो. वेळ संपली की सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू करत नाही, एकामागून एक करतो. सगळ्यांनी एकदम सुरू केले तर टळलेलं शिखर तासाभरानं पुन्हा उभं राहतं. हे कौशल्याचं काम आहे, त्यात मालाची जोखीम आहे, आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. इथवर मी बाजारवाल्यांच्या सोबत आहे.

आमच्या वाटा फुटतात त्या मोबदल्याच्या हिशोबावर. ऊर्जातज्ज्ञ अ‍ॅमरी लोविन्स यांनी 1980च्या दशकात ‘नेगावॉट’ हा शब्द रूढ केला. न वापरलेली वीज हीसुद्धा एक वस्तू आहे आणि बहुतेक वेळा ती नव्या विजेपेक्षा स्वस्त पडते, ही त्यामागची कल्पना. कल्पना फार मोलाची होती. पुढे तिचं शब्दशः कायद्यात रूपांतर झालं. मार्च 2011 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वीज नियामकानं, म्हणजे फर्कनं, आदेश क्रमांक 745 काढला. त्यानुसार, कपातीमुळे इतर ग्राहकांना निव्वळ फायदा होत असेल तेव्हा घाऊक बाजारात कपात देणाऱ्याला वीजकेंद्राइतकाच पूर्ण बाजारभाव मिळू लागला. वीजनिर्मिती कंपन्या न्यायालयात गेल्या. 25 जानेवारी 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 2 मतांनी आदेश कायम ठेवला. डिमांड रिस्पॉन्सचे समर्थक हा निकाल आजही पुरावा म्हणून पुढे करतात. पण न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या त्या निकालात न्यायालयानं पाहिलं ते इतकंच, की नियामकाला हा अधिकार आहे का आणि त्यानं आपल्या निर्णयाची कारणं नीट दिली आहेत का. सूत्र सर्वोत्तम आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, हे निकालातच स्पष्ट केलं आहे. कायदेशीर ठरलेली गोष्ट आपोआप शहाणपणाची ठरत नाही.

त्या सूत्राला हार्वर्डचे ऊर्जाधोरणतज्ज्ञ विल्यम होगन यांनी घेतलेला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तो आकड्यांतून सांगतो. समजा ग्राहकाचा नेहमीचा दर 10 आहे आणि त्या तासाचा बाजारभाव 30. एका कारखान्यात त्या तासाच्या एका युनिटवर 35 मोलाचं काम होतं. समाजाला ते युनिट 30 ला पडतं, म्हणजे काम चालू राहण्यातच सगळ्यांचं भलं आहे. पण आदेश 745 प्रमाणे कारखान्यानं वीज वापरली नाही तर बिलाचे 10 वाचतात आणि वर 30 मिळतात, एकूण 40. तो काम बंद ठेवणार. आता तेच युनिट त्यानं आधी 10 ला विकत घेतलेलं आहे असं धरा. वापरलं तर 35, विकलं तर 30. तो काम चालू ठेवतो. ज्या कारखान्याचं काम 25 मोलाचं आहे तो मात्र विकतो, आणि त्यानं विकलंच पाहिजे. दोन्ही हिशोबांत कपातीला भाव मिळतो, पण दुसऱ्यात योग्य माणूस थांबतो. पहिल्यात आपण न घेतलेल्या मालाची पूर्ण किंमत चुकती करतो.

विरुद्ध बाजूला आल्फ्रेड कान यांच्यासारखा माणूस होता, आणि त्यांना बाजूला सारून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. वीज, टेलिफोन, विमान या सेवांच्या नियमनावर ज्यांनी आयुष्य वेचलं त्या कान यांनी 2010 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, मागणीची कपात ही पुरवठ्याच्या बरोबरीची आहे असं मत नोंदवलं आणि फर्कनं त्याचा आधार घेतला. पण कान यांच्याच कारकिर्दीतली एक गोष्ट माझ्या बाजूनं बोलते. विमानात आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली की पूर्वी कंपनी वाटेल त्याला उतरवत असे. ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञानं 1968 मध्ये सुचवलं की उतरवू नका, बोली लावा. जो कमीत कमी मोबदल्यात थांबायला राजी असेल तो थांबेल. दहा वर्षं कोणी ऐकलं नाही. 1978 मध्ये कान यांच्या अध्यक्षतेखालच्या विमान वाहतूक मंडळानं कंपन्यांना आधी स्वेच्छेनं थांबणारे प्रवासी शोधायला लावलं. घाईत असलेला पोहोचतो, सवड असलेला पैसे घेऊन थांबतो. मागणीच्या व्यापाराचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही. पण तिथे थांबणाऱ्या प्रवाशाच्या हातात काय असतं? तिकीट. ‘मी आज या विमानानं जाणारच होतो, पण तिकीट काढलं नाही, तेव्हा मला मोबदला द्या’ असं काउंटरवर कोणी म्हणालं तर त्याचा दावा कोण मान्य करील? विजेच्या बाजारात हाच दावा आपण मान्य करतो, आणि त्याला ‘बेसलाइन’ म्हणतो.

बेसलाइन म्हणजे अंदाज. आधीच्या काही दिवसांच्या वापरावरून ठरवायचं, की कपातीची हाक आली नसती तर या ग्राहकानं किती वीज वापरली असती. मीटर जे घडलं ते मोजतो. जे घडलंच नाही ते मोजणारा मीटर अजून कोणी बनवलेला नाही. आणि ज्या अंदाजावर पैसे ठरतात, तो अंदाज फुगवायला माणूस शिकतो. अमेरिकेच्या मेन राज्यात रमफर्ड इथल्या कागद कारखान्याकडे स्वतःचं वीजकेंद्र होतं. नियामकानं ठेवलेला ठपका असा, की बेसलाइन ठरवण्याच्या दिवसांत कारखान्यानं ते केंद्र मंद ठेवून ग्रिडमधून जास्त वीज घेतली आणि नंतर केंद्र नेहमीसारखं चालवून तीच ‘कपात’ म्हणून दाखवली. प्रकरण एक कोटी डॉलरच्या दंडावर मिटलं. बाल्टिमोरच्या बेसबॉल मैदानाचं प्रकरणही असंच. चाचणीत कपात दिसावी म्हणून आधी सामना नसताना दिवे लावल्याचं उघड झालं, आणि 2013 मध्ये संबंधित मध्यस्थ कंपनीला, म्हणजे ग्राहकांची कपात गोळा करून बाजारात विकणाऱ्या कंपनीला, दंड भरावा लागला. ही चार लबाड माणसांची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. क्योटो करारातल्या कार्बन व्यापारात एचएफसी-23 हा कारखान्यात उपउत्पादन म्हणून निघणारा, हवामान तापवणारा वायू नष्ट केल्याबद्दल विकता येणारे श्रेयांक मिळत, तेव्हा काही कारखान्यांना मूळ उत्पादनापेक्षा त्या उपउत्पादनाच्या नाशातच जास्त मिळकत दिसू लागली. अखेर युरोपीय संघानं मे 2013 पासून ते श्रेयांक आपल्या बाजारात बंद केले. ‘न केल्याबद्दल’ पैसे मिळू लागले, की आधी ‘करत होतो’ हे दाखवण्याची गरज तयार होते. प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही अंदाज चुकतोच. जे कुटुंब त्या आठवड्यात गावाला गेलेलं आहे त्याला काही न करता पैसे मिळतात. ज्यानं रोजच काटकसर केली आहे त्याची बेसलाइन इतकी खाली असते की विकायला काही उरतच नाही. वर्षभर उधळपट्टी करणाऱ्याला बक्षीस आणि जपून वापरणाऱ्याला ठेंगा, हा कुठला न्याय?

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. सामान्य ग्राहक वीज आधी विकत घेतच नाही. तो बटण दाबतो आणि महिन्यानं बिल भरतो. ‘आधी विकत घ्या’ ही अट घातली तर बाजार फक्त मोठ्या कारखान्यांचा होईल. छोट्यांना आत येता यावं म्हणूनच बेसलाइनची कल्पना पुढे आली. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. जॉर्जिया पॉवर ही कंपनी 1990च्या दशकापासून आपल्या मोठ्या ग्राहकांसाठी दोन भागांचा दर चालवते. ग्राहकाचा नेहमीचा वापर तासागणिक ठरवून करारात लिहिला जातो आणि तेवढ्याचं बिल नेहमीच्या दरानं येतं. त्याहून जास्त घेतलं तर त्या तासाच्या भावानं पैसे द्यायचे, कमी घेतलं तर त्याच भावानं परत मिळतात. इथेही एक आकडा ठरवावा लागतोच. फरक असा, की तो आकडा ग्राहकानं विकत घेतलेला आहे. तो फुगवला तर फुगलेल्याचे पैसे ग्राहकालाच आधी भरावे लागतात. लबाडीची वाट बंद करायला तिथे तपासनीस लागत नाही, बिलच पुरेसं आहे.

घरांसाठी तासागणिक करार कोण वाचणार, असं विचाराल. वाचायची गरज नाही. फ्रान्समध्ये तेंपो नावाचा दर कित्येक वर्षं चालू आहे. वर्षात 300 दिवस निळे, 43 पांढरे आणि 22 लाल. लाल दिवस फक्त हिवाळ्यात येतात, त्यांची सूचना आदल्या दिवशी मिळते, आणि त्या दिवशी वीज फार महाग असते. उरलेलं वर्ष ती स्वस्त. कोणाचीही बेसलाइन काढावी लागत नाही, कारण ग्राहकानं पहिल्या दिवशीच काय घेतोय हे ठरवलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापासून तारांतूनच एक संकेत पाठवून गरम पाण्याच्या टाक्या गर्दीच्या वेळी बंद केल्या जातात आणि बदल्यात दर कमी लागतो. त्या जुन्या इंजिनिअरांनी व्यापार हा शब्द वापरला नसेल, पण सौदा चोख होता. ग्राहक मुळातच खंडित होऊ शकणारी वीज स्वस्तात घेत होता. जे घेतलं त्यातच कपातीची किंमत धरलेली होती.

उलट 2022-23 च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या ग्रिड चालकानं घरांसाठी कपातीची योजना काढली. संध्याकाळी तासभर वापर कमी करा, आधीच्या दिवसांच्या सरासरीशी तुलना करून पैसे मिळतील. मध्यस्थ कंपन्यांना एका युनिटमागे किमान तीन पौंडांची हमी होती. 16 लाख घरं आणि व्यवसाय सामील झाले, एकूण सुमारे 3,300 मेगावॉट-तास वीज वाचली. प्रतिसाद बघून मलाही आनंद झाला होता, कारण लोकांची तयारी आहे हे त्यातून सिद्ध झालं. पण भागाकार करून पाहा. अख्ख्या हिवाळ्यात दर सहभागी ग्राहकामागे दोन युनिट. दोनशे लिटरची एक टाकी 40 अंशांनी तापवायला नऊ युनिटांहून जास्त वीज लागते. म्हणजे एका टाकीचं एकदाच तापणं संध्याकाळवरून रात्रीवर नेलं, तर घरभर दिवे मालवून अख्ख्या हिवाळ्यात जे साधलं त्याच्या चौपटीहून जास्त हलतं, आणि घरातल्या कोणाला कळतही नाही. लोकांनी अंधारात बसावं आणि कोणीतरी सरासरी काढत राहावं, हे डिमांड रिस्पॉन्सचं भविष्य नव्हे. टाकी, गाडीचं चार्जिंग, पंप, शीतकपाटं यांच्यासाठी वेगळ्या अटींची वीज वेगळ्या दरानं विकली, की बेसलाइनचा प्रश्नच उरत नाही.

काहींचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, विनंती पुरते. 6 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात मागणी 52,061 मेगावॉट या विक्रमावर पोहोचली. भारनियमन दाराशी होतं. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास राज्यानं फोनवर तातडीचा संदेश पाठवला, वीज जपून वापरा. काही मिनिटांत हजार मेगावॉटहून जास्त मागणी उतरली आणि भारनियमन टळलं. एक पैसाही न देता. ही घटना मला मनापासून आवडते. संकटात माणसं शेजाऱ्यासाठी उठतात, यावर तिनं विश्वास बसतो. पण असा संदेश दर आठवड्याला पाठवून पाहा. विनंतीची ताकद ती विरळ असण्यात आहे. आणि विनंती किंवा सक्तीला किंमत नसते हेही खरं नाही, ती फक्त बिलात दिसत नाही. 2011 मध्ये फुकुशिमानंतर जपान सरकारनं टोकियो आणि तोहोकू भागातल्या मोठ्या ग्राहकांना 15 टक्के कपात सक्तीची केली. टोकियोच्या कंपनीच्या क्षेत्रात त्या उन्हाळ्यातली कमाल मागणी आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 18 टक्क्यांनी उतरली. जगानं वाहवा केली. पण ती कशी उतरली? मोटार उद्योगानं जुलै ते सप्टेंबर साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारवर नेली आणि शनिवार-रविवारी कारखाने चालवले. मुलांच्या शाळांना सुटी असेल तेव्हा आईबाप कामावर, आणि आईबाप घरी असतील तेव्हा मुलं शाळेत. त्या तीन महिन्यांचा हिशोब कोणत्या वीजबिलात लागला?

आता माझ्याच युक्तिवादातली दुखरी जागा. ऑगस्ट 2023 मध्ये टेक्सासमधल्या रायट या बिटकॉइन खणणाऱ्या कंपनीनं यंत्रं बंद ठेवून 3.17 कोटी डॉलरचे वीज-श्रेयांक मिळवले, त्या महिन्यात खणलेल्या बिटकॉइनच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. त्यातला मोठा भाग, सुमारे 2.42 कोटी, कसा आला? आधीच दीर्घ कराराने घेतलेली वीज चढ्या भावात परत विकून. म्हणजे मी सांगतोय तेच त्यांनी केलं. हे मला टाळता येणार नाही. कपात खरी होती, कुठल्याही अंदाजावर उभी नव्हती, आणि त्या उष्ण दिवसांत ती वीज इतरांच्या उपयोगी पडली, हे मी मान्य करतो. तरीही मनात काहीतरी खटकतं, आणि ते खटकणं रास्त आहे. पण ते परतविक्रीच्या नियमामुळे खटकत नाही. एवढी स्वस्त, एवढ्या मुदतीची वीज मुळात कोणाला, कोणत्या अटींवर मिळाली, आणि तारांच्या जाळ्याच्या खर्चातला आपला वाटा तो ग्राहक उचलतो का, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत.

2000-01 च्या कॅलिफोर्निया वीजसंकटात हे आणखी उघडं पडलं. अमेरिकेच्या वायव्येला कैसर अ‍ॅल्युमिनियम कंपनीला बॉनव्हिल या सरकारी संस्थेकडून, कोलंबिया नदीवरच्या धरणांची स्वस्त वीज कराराने मिळत होती. बाजारभाव कित्येक पटींनी चढला तेव्हा कंपनीनं स्पोकेनजवळचा वितळणकारखाना बंद करून ती वीज विकली. तो पुन्हा सुरू झालाच नाही. नदी सार्वजनिक, धरणं सार्वजनिक पैशातून बांधलेली, आणि नफा करारावर ज्याचं नाव त्याचा. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव करारावर नव्हतं. याआधी 1933 मध्येही अमेरिकेत असंच घडलं होतं. कापसाचे भाव सावरण्यासाठी सरकारनं शेतकऱ्यांना न पेरण्याबद्दल पैसे द्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी तर उभं पीक नांगरून टाकलं गेलं. पैसे बहुतांशी जमीनमालकांच्या हातात पडले आणि पडीक ठेवलेल्या शेतांवरची हजारो वाटेकरी कुटुंबं बेघर झाली. शिवाय पडीक ठेवली जायची ती सर्वांत हलकी जमीन, उरलेलीला खत जास्त घातलं जाई. बेसलाइनची लबाडी आणि वाटपाचा अन्याय, दोन्ही रोग त्या एका योजनेत होते. पहिल्यावर उपाय बाजाराच्या रचनेत आहे. दुसऱ्यावर उपाय बाजार देत नाही, तो कायद्यानंच द्यावा लागतो. सवलतीच्या सार्वजनिक विजेची परतविक्री झाली तर नफ्यातला ठरलेला वाटा कामगाराला आणि सार्वजनिक तिजोरीला मिळालाच पाहिजे, आणि हे करार होतानाच लिहिलेलं हवं.

राहता राहिला गरीब ग्राहक. त्याच्याकडे टाकी नाही, गाडी नाही, हलवता येईल असं फारसं काही नाही. बाजारविरोधकांना त्याची काळजी आहे आणि ती खरी आहे. 2021 च्या टेक्सासमध्ये ग्रिडी नावाच्या कंपनीचे ग्राहक घाऊक भावानं वीज घेत होते. भाव मेगावॉट-तासाला 9,000 डॉलरच्या कमाल मर्यादेवर सलग काही दिवस राहिला आणि त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. ‘बाजार घरात आणला की असं होतं,’ हा निष्कर्ष त्यातून काढला गेला. मी नेमका उलटा काढतो. त्या ग्राहकांनी आधी काहीच विकत घेतलेलं नव्हतं. प्रत्येक युनिट त्या तासाच्या भावानं. ज्यांच्याकडे स्थिर दराचा करार होता ते त्या भावापासून वाचले. म्हणजे विकण्याचा हक्क आणि बिलापासूनचं संरक्षण या दोन गोष्टी एकाच कागदातून येतात. घराच्या नेहमीच्या गरजेइतकी वीज ठरल्या दरानं आधीच त्याची झालेली असेल, तर टंचाईचा भाव त्याला जाळत नाही, आणि त्यातलं एखादं युनिट त्यानं सोडलं तर तोच भाव त्याच्या पदरात पडतो. एक अडचण राहते. कडाक्याच्या थंडीत किंवा उष्णतेच्या लाटेत गरज नेहमीपेक्षा वाढतेच, आणि वाढीव वापर टंचाईच्या भावानं मोजणं क्रूर ठरेल. म्हणून घरगुती ग्राहकाच्या वाढीव वापराला कमाल दराची मर्यादा हवी, आणि ती जोखीम पुरवठादारानं आगाऊ खरेदीनं झाकली पाहिजे. ते त्याचं कामच आहे. त्यासाठी तो थोडे जास्त पैसे मागेल. मागू दे. विमा फुकट नसतो, पण हजारो डॉलरच्या बिलापेक्षा तो स्वस्त असतो.

युरोपात 2019 च्या वीज निर्देशानुसार ग्राहकाला आपल्या पुरवठादाराची परवानगी न घेता स्वतंत्र मध्यस्थ कंपनीशी कपातीचा करार करता येतो. ग्राहकाच्या हातात ताकद देणारी ही तरतूद मला पटते. पण पुरवठादारानं त्या ग्राहकासाठी आधीच खरेदी केलेल्या विजेचं काय? ती मध्यस्थानं फुकटात विकायची का? फ्रान्सच्या व्यवस्थेत मध्यस्थाला त्या विजेचे पैसे पुरवठादाराला चुकते करावे लागतात. मध्यस्थ कंपन्यांना हा अडथळा वाटतो, त्यामुळे धंदा वाढत नाही अशी त्यांची तक्रार असते. ज्या धंद्याचा कच्चा माल दुसऱ्याच्या खिशातून यावा लागतो, तो वाढण्याची घाई कशाला करायची? पैसे चुकते करूनही ज्या कपातीत नफा उरतो ती कपात खरी. तिला कोणी रोखलेलं नाही.

आणि पुरवठादारालाही मोकळं सोडता येणार नाही. आज बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकाला दोनच गोष्टी मिळतात, सरसकट दर किंवा वेळेनुसार बदलणारा दर. ‘माझा नेहमीचा वापर मी आगाऊ घेतो, कमी वापरला तर त्या तासाच्या भावानं परत घ्या’ असं म्हणायचं तर तसा करार विकायला ठेवलेलाच नसतो. स्मार्ट मीटर बसवताना ग्राहकाला सांगितलं गेलं की आता तुमचा वापर तासागणिक मोजता येईल. मोजायला लागले, पण त्या मोजणीवर ग्राहकाला काही विकता येत नाही. तिचा उपयोग फक्त बिल काढणाऱ्याला होतो. भाड्याच्या घरात तर आणखी एक प्रश्न आहे. टाकी घरमालकाची, मीटर घरमालकाच्या नावावर, आणि थंड पाण्यानं अंघोळ करणारा भाडेकरू. कपातीचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे नियमात आजच लिहिलं नाही, तर ते मीटरवर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात जातील.